गोफण

हर्णै, जि. रत्नागिरी
गुरुवार, ता. २६ डिसेंबर १९६३

प्रिय कौशल्याबाईस भाऊ शेषरावचा नमस्कार.

मी सुखरूप पोचलो, काळजी नसावी. बाबांचा खोकला कसा आहे? भाऊजी अकोटहून आले, की जिनिंगचा हंगाम त्यांना सोडत नाही? तुझ्या शालूचा कान फुटला होता तो थांबला का? तू हे वाचायला बसलीस म्हणजे शेजारचे नत्थुजी आणि सुंदराबाई आंगणात येऊन बसले असतीलच. त्यांनाही नमस्कार.

बाबांना सांग, समुद्र पाहिला. नदीला पूर आला की पलीकडचा काठ दिसत नाही, तसं इथं बाराही महिने. बोटीत ओमप्रकाश, हा माझ्याबरोबर कॉलेजात काम करतो, सगळा रस्ता ओकत आला. मी नाही ओकलो, पण तोंडही उघडलं नाही. बोट काठाला लागतच नाही बाई! पाण्यात उभी राहते, तिथून होडीत उतरायचं, आणि होडीतून वाळूपर्यंत खलाशी आपल्याला पाठीवर घेतो. मला एका म्हाताऱ्यानं घेतलं. कोण, कुठला, काही विचारलं नाही. म्हणाला, ‘घट्ट धर रे,’ आणि चालू लागला.

सोहोनीसर आणि काकू मजेत आहेत. सर म्हणजे आमचे प्राणिशास्त्राचे प्रोफेसर. बेडूक त्यांनी शिकवायचा आणि मी चिरून दाखवायचा, अशी आमची वाटणी. नाताळच्या सुट्टीत दरवर्षी ते कुठंतरी पाखरं बघायला जातात. यंदा म्हणाले, ‘वानखडे, तुम्हीही चला.’ चार वर्षांत पहिल्यांदा कोणाला असं बोलावलं, असं ओमप्रकाश म्हणतो. त्याला मात्र काकूंनी सामान उचलायला घेतलंय, असंही तोच म्हणतो.

इथं वारा असा आहे की टोपी घातली की गेलीच. सकाळी आम्ही दुर्बीण घेऊन वाळूत बसतो. पांढऱ्या अंगाचे, राखी पंखांचे, तांबड्या चोचीचे कुरव शेकड्यांनी उतरतात. बारकी पाखरं लाटेच्या कडेकडेनं तुरुतुरु पळतात, पाय मात्र भिजू देत नाहीत. परवा सरांनी विचारलं, ‘हे सगळे कुरव एकाच दिशेला तोंड करून का बसलेत?’ ओमप्रकाशनं काहीतरी सूर्याचं सांगितलं. मी म्हणालो, वाऱ्याकडे तोंड केलंय. वाऱ्याला पाठ दिली तर पिसं उलटी होतात. सर खूश झाले. बाबा, तुम्ही मला वावराच्या धुऱ्यावरच्या पारव्यांवर बोट दाखवून हेच सांगितलं होतं. मी तेव्हा सात वर्षांचा असेन. तुमचं बोलणं समुद्रावर कामी आलं बघा.

सरांजवळ जाड वही आहे. त्यात पाखरं लिहितात, नाव, रंग, आवाज, किती होती. कोळ्यांना विचारून त्यांची इथली नावंही लिहून घेतात. आपल्या वऱ्हाडातल्या पाखरांची अशी वही कोणी केली नाही, ती करायची असं त्यांच्या मनात आहे. त्या कामावर ते मला घेणार आहेत. हे पक्कं झालं तर बाई, डेमॉन्स्ट्रेटरचा मी पुढे लेक्चररही होईन. हे कोणाला सांगू नकोस, दृष्ट लागेल.

आता दुसऱ्या पानावर येतो.

काल एक गंमत झाली. गंमत म्हणजे, म्हटली तर गंमत. वाळूत एका कोळणीनं जवळा वाळत घातला होता. जवळा म्हणजे नखाएवढी मासळी. ती बाई काठी घेऊन राखण करत होती. म्हातारी होती, आणि वाऱ्यानं तिचं लुगडं सांभाळावं की जवळा सांभाळावा अशी तिची फजिती. कुरव, कावळे, घारी सगळे एकदम उतरले. मी काही विचार केला नाही बाई. गळ्यातला मफलर काढला, त्यात शिंपल्याचा तुकडा घातला, दोन फेरे दिले आणि सोडला. तोंडातून हाळीही निघाली, ‘हाऽऽ हुर्र्र होऽऽ!’ मचाणावरची, बाबांची, जशीच्या तशी. तुकडा पाखरांच्या पुढे चार हातांवर पडला, एकालाही लागला नाही, आणि सगळा थवा उठून पाण्यावर गेला.

काकूंनी टाळ्या वाजवल्या. ओमप्रकाश म्हणाला, ‘अरे यार, तू तो छुपा रुस्तम निकला!’ सर पळत आले. ‘वानखडे, हे कुठं शिकलात?’

इथं काय सांगावं, हे मला कळेना. तुला तर माहीत आहे, आपलं आडनाव कुणब्यांतही आहे, माळ्यांतही आहे आणि आपल्यातही. कॉलेजात कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरी शेती आहे, एवढंच कधीतरी बोलून गेलो होतो. तेव्हा उत्तमराव पाटलाचं वावर माझ्या डोळ्यांसमोर होतं, जिथं बाबांनी वीस वर्षं जोंधळा राखला. माणूस ज्या वावरात लहानाचा मोठा होतो ते त्याला आपलंच वाटतं, नाही का? तर मी म्हणालो, ‘आमच्याकडे एक रखवाला होता. डोमाजी म्हणून. त्यानं शिकवलं.’

निघून गेलं तोंडातून. नाव तरी दुसरं घ्यायचं! पण तेच आलं.

आता सर त्या डोमाजीच्या मागे लागलेत. रात्री जेवतानाही तेच. ‘असा माणूस म्हणजे चालती वही असते.’ रविवारी, १२ जानेवारीला, ते मोटारीनं नागपूरला जाणार आहेत, तेव्हा वाटेत तिवस्याला थांबून त्याला भेटणार. मला बरोबर चला म्हणतात. मी पोटदुखीचं काहीतरी निमित्त काढीन. पण त्यांना आता नाही म्हणता येत नाही.

तर बाई, एवढंच कर. त्या दिवशी बाबांना तुझ्या चुलतसासऱ्यांकडे मोझरीला पाठव. सर आले तर सांग, डोमाजी गावाला गेला. आणि बाबा जायला तयार झालेच नाहीत, तर त्यांना एवढंच समजाव, की मी त्यांचा कोण हे बोलू नये. पाखरांचं काय ते बोलावं. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न आहे. एकदा माझं काम पक्कं झालं की मी स्वतः सरांना सगळं सांगेन.

मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. आज दिवसभर वाळूत बसलो होतो, दुर्बीण डोळ्याला होती, आणि एकही पाखरू दिसलं नाही.

हे दुसरं पान बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
एस. डी. वानखडे


तिवसा
सोमवार, ता. १३ जानेवारी १९६४

शेषराव यास कौशल्याचा जयभीम.

तुह्या पत्राच्या वरतं जयभीम नव्हता. मले वाटलं विसरला असन. मंग खाली आली, तवा समजलं.

आदी हे सांगतो तुले, वाचू नको हे शेवटी लिवतेत काय रे? मी चवथी शिकली. एकेक अक्षर जोडत जातो. जे डोयाले दिसते ते तोंडातून निंगते, मले मुक्यानं वाचता येत नाई, हे तुले ठाऊक नव्हतं? आंगणात बाबा होते, नत्थुजी होते, सुंदराबाई होती, शालू मांडीवर होती. समुद्राचं वाचलं. सारे हासले. पारव्याचं वाचलं, बाबाच्या डोयात पाणी आलं, म्हणे, ‘पोट्ट्यानं ध्यानात ठेवलं!’ नत्थुजीले म्हणे, ‘ऐकलं कावो?’ मंग म्या दुसरं पान घेतलं. गोफणीचं आलं तं बाबा उठून उभे राह्यले, हात फिरवून दाखवला सुंदराबाईले. आन् मंग पुढचं आलं.

मी थांबली. बाबा म्हणे, ‘काहून थांबली? वाच.’ म्या म्हटलं अक्षर लागत नाई. बाबा म्हणे, ‘एवढं लागलं, आताच काहून लागत नाई? वाच बाई.’ वाचलं मंग. साऱ्यात खाली तुही ती ओळ आली, तीबी वाचून टाकली म्या. नत्थुजी उठले, म्हणे ढोरं बांदाची हायेत. त्याईच्या घरी एक शेळी हाये फक्त.

इतके दिवस म्या तुले लिवलं नाई, कारन बाबा म्हणे लिवू नको. मी रोज भांडली. म्हटलं, साहेबाले खरं सांगू. नाईतं मोझरीले तरी जा. बाबा म्हणे, ‘मी काय चोर हावो, घर सोडून पयाले? पोट्ट्याची नवकरी हाये. माहं काय जाते?’

काल साहेब आले. मानूस चांगला हाये, खोटं काहून बोलू. आमी शायेतून खुर्ची आनली होती. साहेब म्हणे, ‘तुम्ही खुर्चीवर बसा, तुम्ही वडील आहात.’ वडील म्हंजे वयानं, असं त्याईले म्हनाचं होतं. बाबा खाली बसले. मातीत. साहेबाच्या पायाजोळ.

दोन घंटे बोलले. होला जोडीनं येते, राघू टोयीनं येते, राघूच्या पयल्या पाखराच्या पुढं गोटा टाकाचा, अंगावर नाई, पाखराले भेव दाखवाचा, जीव घ्याचा नाई. साहेब लिवत होते. एकदा त्याईनं इचारलं, ‘वानखड्यांच्या शेतावर किती वर्षं होतात?’ बाबा म्हणे, ‘वीस वर्सं, साहेब. लय चांगले मालक. छोटे मालक तं माह्या मचाणावरच खेयले.’

शेषराव, छप्पन साली आमी नागपूरले गेलो, तू बोर्डिंगात होता. वापस आल्यावर बाबा पाटलाच्या वाड्यावर गेले आन् उभ्यानं सांगतलं, ‘तुमचा जोंधळा राखीन, पन आजपासून मालक म्हननार नाई आन् खाली बसनार नाई.’ पाटलानं दोन सालं काम देल्लं नाई. त्या दोन सालांत आमी काय खाल्लं, ते मले इचार. तरी बाबानं तो सबद तोंडात घेतला नाई. काल घेतला. तुह्यासाठी घेतला. पोटच्या पोराले मालक म्हटलं.

जाच्या वक्ती साहेबानं गोफण पाह्याले मांगतली. बाबानं खुटीची काढून देल्ली, म्हणे, ‘घेऊन जा. छोट्या मालकाले द्या. त्याईले फिरवता येते.’

साहेबाची मोटार गेल्यावर बाबा हात धुवत बसले. लय वेय धुतले. जेवले नाई. आज सकाऊन चाय पेले.

तुले शिव्या द्याच्या होत्या. लिवताना येत नाई मले, समोर ये मंग देतो. याच्यापुढं तुहं पत्र आलं का मी शेवटून वाचीन, मंग वरचं.

कौशल्या


अमरावती
शुक्रवार, ता. १७ जानेवारी १९६४

बाबाले, बाईले आन् आंगणात बसलेल्या साऱ्याईले शेषरावचा जयभीम.

बाई, हे पत्र वाचाले बसण्याआदी नत्थुजीले आन् सुंदराबाईले बलाव. ज्याईनं ते ऐकलं त्याईनं हेबी ऐकलं पायजे. नत्थुजी ढोरं बांदाले निंगाले तं त्याईले म्हण, शेळी थांबन.

हे मी आपल्या बोलीत लिहून राहिलो. पुस्तकी भाषेत मले लपता येते. मागच्या पत्रात मी किती चांगलं लपलो होतो! ‘निघून गेलं तोंडातून’ म्हणे. निंगून काही गेलं नव्हतं, बाबा. सरनं इचारलं आन् उत्तर देल्लं, त्याच्या मधात मले वेय भेटला होता. चांगला दम घेण्याएवढा वेय. मी तुमाले पाह्यलं त्या वेयात, मचाणावर, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याले फडकं. आन् मी काकूच्या अंगावरच्या पातयाकडे पाह्यलं, ओमप्रकाशच्या घड्याळीकडे पाह्यलं. मंग बोललो. इचार करून बोललो. हे मागच्या पत्रात मी लिवलं नाई, कारन हे लिवलं असतं तं बाईकडून काही मांगता आलं नसतं.

गोफण पोचली.

बुधवारी सर लॅबोरेटरीत आले. मी पोट्ट्याईच्या प्रॅक्टिकलसाठी बेडूक मांडून ठेवत होतो. सरनं टेबलावर गोफण ठेवली आन् म्हणे, ‘तुमच्या डोमाजीनं पाठवली. छोट्या मालकांना द्या म्हणाला. काय माणूस आहे हो! बावीस पाखरं सांगितली त्यानं मला. पण कितीही म्हटलं तरी खुर्चीवर बसला नाही.’ बाईचं पत्र तवा माह्या खिशात होतं, सकाऊनच आलं होतं. मी गोफण उचलली. मधातली पट्टी तुमी नवीन इनली, बाबा. माह्या वक्ती ती लाल होती, आता पिवळ्या सुताची हाये. मी समुद्रावर मफलर फिरवत होतो, तवा तुमी ही पट्टी इनत असान, असं माह्या मनात आलं.

म्या म्हटलं, ‘सर, डोमाजी माझे वडील आहेत.’

सर हासले. त्याईले वाटलं मी मोठ्या मनानं बोलून राहिलो, मानसं जुन्या गड्याले बापासारखा म्हनते तसं. मंग दुसऱ्यांदा सांगा लागलं. आमचं वावर नाई, सर. एक गुंठाबी नाई. आमी बौद्ध आहो. तो मानूस माहा बाप हाये, आन् त्यानं तुमच्यासमोर जे केलं ते म्या त्याले कराले लावलं.

मले वाटलं, सर आता जात काढन, नाईतं नवकरी काढन. त्याईनं काय म्हटलं ते जसंच्या तसं लिवतो. म्हणे, ‘ते जमिनीवर बसले आणि मी दोन तास खुर्चीवर बसून राहिलो. वानखडे, तुमच्या बापाचा अपमान तुम्ही माझ्या हातानं करवलात.’ आन् निंगून गेले. पोट्ट्याईच्या समोर म्या बेडूक चिरला. चुकीची नस कापली.

पाखराईच्या वहीचं काम मले भेटन का नाई, मालूम नाई. सर दोन दिवस झाले, माह्यासंग कामापुरतं बोलते. काकूनं काल सरच्या घरी साऱ्याईले चाय देल्ला, मले पेल्यात आला, बाकीच्याईले कपात. तो पेला पाहून मले राग याले पायजे होता, पन माह्या मनात आलं, कपाचा हिशेब मांगाले तुले तोंड कुठं हाये लेका? तू तं बापाले मातीत बसवलं.

बाबा, तुमी म्हटलं, माहं काय जाते. तुमचं काय गेलं, ते मले आता समजलं. दोन सालं उपाशी राहून जो सबद तुमी थुकला, तो म्या तुमाले परत गियाले लावला. मी बोर्डिंगात पोटभर खात होतो तवा. त्या दोन सालांचं मले कोनी कधी सांगतलं नाई. म्यानंबी कधी इचारलं नाई, हेच खरं. सुट्टीत घरी आलो तं चून-भाकर भेटत होती, ती कुठून येते हे कोन इचारते?

पारव्याचं आठवते? वाऱ्याले पाठ देल्ली तं पिसं उलटी होते. मी ते सरले सांगून शाबासकी घेतली. आन् पुढल्याच दिवशी पाठ देल्ली.

मी माफी मांगून राहिलो, पन तुमी लगेच देऊ नका. तुमी लय लवकर देता. म्या शायेची पाटी फोडली तवाबी देल्ली होती, पाटी बदलून देण्याच्या आदी. यावक्ती थोडं थांबा. मी पुढल्या रविवारी सकाळच्या यष्टीनं येतो. आजच आलो असतो, पन हे पत्र आदी पोचलं पायजे, साऱ्याईच्या कानावर पडलं पायजे. समोर आलो असतो तं तुमी मले बोलूच देल्लं नसतं. पाठीवर हात ठेवून ‘जाऊ दे’ म्हटलं असतं आन् सारं आंगणातच मिटलं असतं.

शायेतली खुर्ची आनून ठेवजा. तिच्यावर तुमी बसजा. मी साहेब जिथं होता तिथं नाई, तुमी जिथं होते तिथं बसन. सर माह्यासंग तिवस्याले येनार का, मले ठाऊक नाई. आज जाता जाता फक्त एवढंच इचारलं त्याईनं, ‘तुमच्या वडलांचं पूर्ण नाव काय? वहीत दुरुस्त करायचं आहे.’ मी सांगतलं. चार वर्सांत त्या कॉलेजात पयल्यांदा सांगतलं.

गोफण वापस आनतो. ती मालकासाठी देल्ली होती तुमी. तसा कोनी इथं राहत नाई.

बाई, आल्यावर शिव्या दे. एकही कमी करू नको. आन् आता तू पत्र शेवटून वाचतो म्हनते, तं जे सारं वर लिवलं तेच इथंबी लिवतो, म्हंजे पयले हेच तुह्या तोंडातून निंगन. मोठ्यानं वाच, नत्थुजीच्या घरापर्यंत आयकू जाईन असं:

बाबा, माहा बाप तुमी.

शेषराव डोमाजी वानखडे